देवावर राग आला तर प्रार्थना कशी करायची? महाड-पोलादपूरच्या डोंगरांत सापडणारी उत्तरं

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळिये गावची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली. मृतांचा आकडा ८० च्या पुढे गेला. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा अनेक जण सापडलेच नव्हते, त्यांना मृत घोषित करावं लागलं. त्याच पावसात शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी कोसळून माणसं गेली. खाली महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालेलं होतं.

अशी बातमी आली की तिच्याखाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास दिसतात. एक म्हणते, “देव कुठे होता?” दुसरी म्हणते, “देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.” मग दोघांची जुंपते. पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्या मनात ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी असू शकतात. तो सकाळी देवापुढे दिवा लावतो आणि दिवा लावताना त्याच देवाचा त्याला भयंकर रागही येतो. मग त्याला अपराधी वाटायला लागतं. देवावर शंका घेतली, आता प्रार्थना करायचा हक्क उरला का?

या भागाला हा प्रश्न नवा नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, सोबत दोन एसटी बस आणि इतर गाड्या. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातले ३० जण मृत्युमुखी पडले. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ जण गेले. एवढ्याशा पट्ट्यात, सोळा वर्षांत, एवढं सगळं.

आता गंमत बघा. (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही.) देवापुढे रडायची, त्याला जाब विचारायची आणि शेवटी त्याला सोडून द्यायचीसुद्धा मराठीतली मोठी उदाहरणं याच डोंगरांशी येऊन भिडतात.

शिवथरघळ आणि करुणाष्टकं

महाडहून वरंध घाटाच्या बाजूला गेलं की डोंगराच्या कुशीत शिवथरघळ लागते. पावसाळ्यात घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो, आत समर्थ रामदास सांगतायत आणि कल्याणस्वामी लिहून घेतायत अशा मूर्ती आहेत. दासबोध इथे लिहिला गेला अशी समर्थ संप्रदायाची परंपरा आहे. ही जागा १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. तेव्हापासून भाविकांची आणि अलीकडे रील काढणाऱ्यांची इथे रीघ असते.

रामदास म्हटलं की आपल्याला बलोपासना, मारुती, मनाचे श्लोक आठवतात. खंबीर, शिस्तीचा, उपदेश करणारा माणूस. पण याच माणसाच्या नावावर करुणाष्टकं आहेत. परंपरेनुसार ती नाशिकजवळच्या टाकळीतल्या तरुणपणीच्या साधनेच्या काळातली. अष्टक म्हणजे आठ श्लोकांची रचना. अनेक घरांत ती संध्याकाळी दिवेलागणीला म्हटली जायची, त्यामुळे चाल डोक्यात बसलेली असते आणि अर्थाकडे लक्ष जात नाही.

लक्ष दिलं तर धक्का बसतो. बोलणारा माणूस सांगतोय की मन ताब्यात राहत नाही, आतून होरपळ होतेय, जवळची माणसं शेवटी कामाला येत नाहीत, आयुष्य चाललंय आणि तू अजून भेटत नाहीस. “माझा विश्वास पक्का आहे” असा दावा त्यात नाही. विश्वास डळमळतोय, भक्ती जमत नाहीये, हेच देवाला सांगितलंय. म्हणजे जे लपवावंसं वाटतं, तीच प्रार्थना झाली.

दासबोधातही हे दिसतं. दासबोधात २० दशक आणि प्रत्येकात १० समास, असे २०० समास आहेत. त्यातला तिसरा दशक वाचून बघा. त्याच्या सुरुवातीच्या समासांत एका सामान्य माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची कहाणी येते. लग्न, मुलं, कर्ज, परमुलुखात कमवायला जाणं, घरी उपासमार, पुन्हा तेच चक्र. पोलादपूरच्या वाड्यांमधून पिढ्यान् पिढ्या लोक मुंबईला गेले, त्यांना ही कहाणी कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच दशकात पुढे तीन ताप येतात: आध्यात्मिक म्हणजे स्वतःच्या शरीर-मनाचे, आधिभौतिक म्हणजे इतर जीवांमुळे आणि बाहेरच्या जगामुळे वाट्याला येणारे, आणि आधिदैविक. यादी इतकी तपशीलवार आहे की लिहिणाऱ्याने दुःख लांबून पाहिलेलं नाही हे कळतं. दुःख खोटं आहे, डोळे मिटा, असं सांगून तो सुरुवात करत नाही. आधी दुखतंय ते मोजतो.

देवाशी भांडणारी माणसं

परंपरेने रामदासांचं आणि तुकारामांचं जन्मवर्ष एकच मानलं जातं, १६०८. तुकारामांच्या विशीत, १६३० च्या सुमाराला, भीषण दुष्काळ पडला. त्यात पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं वाजलं. हे त्यांनी स्वतः अभंगांत सांगून ठेवलंय.

त्यानंतर ते विठ्ठलाशी जे बोलले ते आज कुणी पोस्ट म्हणून टाकलं तर भावना दुखावल्याची तक्रार येईल. देवाला ते भिकारी म्हणतात, कंजूष म्हणतात, देणं बुडवणारा म्हणतात. एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेलाच, असं जाहीर करून टाकतात. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाणी सोडून ते बसून राहिले, अशी आठवण वारकरी सांगतात. आजच्या भाषेत देवाच्या दारात धरणं.

आणि हेच अभंग आज देवळात टाळ-मृदंगावर म्हटले जातात. वारकरी परंपरेने तुकारामांचा राग कापून टाकला नाही, तो गाथेतच ठेवला. संत जनाबाई विठ्ठलाला चक्क शिव्या घालतात. नामदेव ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर हंबरडा फोडतात, १२९६ मधलं ते दुःख समाधीच्या अभंगांतून अजून ऐकता येतं. महाड-पोलादपूरमध्ये वारकरी भजनी मंडळं गावोगाव आहेत, कुणी गेलं की उत्तरकार्याला कीर्तन किंवा प्रवचन ठेवलं जातं. तिथे बसलेल्या माणसांच्या कानावर ही भांडणं पडत असतात. फक्त “देवाशी असं बोललं तर चालतं” हे वेगळं सांगावं लागतं, कारण शाळेच्या पुस्तकातले तुकाराम आपल्याला फार सोज्वळ भेटलेत.

रागावणं आणि नातं तोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं यातून दिसतं. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्याशी कुणी तेरा दिवस भांडत नाही.

एकट्याने बोलवत नसेल तर?

कोकणात याला जुनी सोय आहे, गाऱ्हाणं. ते दक्षिण कोकणात जास्त रंगतं, पण ग्रामदेवतेला सगळ्या गावाच्या वतीने साकडं घालायची रीत सगळीकडची. एक जाणता माणूस बोलतो, बाकीचे हुंकार भरतात. “मी” नसतोच, “आम्ही लेकरं” असतो. गाऱ्हाण्याची रचना भारी असते. आधी चूकभूल माफ कर म्हणायचं, मग देवाला त्याच्या कामाची आठवण करून द्यायची: राखण तुझी आहे, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यालाही सांभाळायचंय. म्हणजे देव मालक असला तरी त्यालाही ड्युटी आहे. ती चुकली तर विचारायचा हक्क गावाला आहे.

महाडमध्ये महाशिवरात्रीच्या सुमाराला विरेश्वराचा छबिना भरतो, आसपासच्या गावांतल्या देवांच्या पालख्या भेटीला येतात. देव एकमेकांना भेटायला येतात, ही कल्पनाच मला फार आवडते. दुःखातल्या माणसाला यातून मिळते ती सोबत. तोंडातून शब्द फुटत नसताना दुसरा कुणीतरी त्याच्या वतीने बोलतो आणि त्याने नुसतं हुं म्हटलं तरी चालतं.

चवदार तळ्याने विचारलेला प्रश्न

आता दुसरी बाजू. सगळ्यांना देवाशी भांडायला देवळात जागा तरी कुठे होती?

चौदाव्या शतकातले चोखामेळा विठ्ठलाचे भक्त, पण देवळाबाहेर उभे. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांसोबत गाडले गेले. ढिगाऱ्याखालचा मृत्यू, म्हणजे आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. त्यांचा मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांतली शंका बापापेक्षा धारदार आहे. तो देवाला थेट विचारतो की आम्हाला या जातीत जन्म देऊन तुला काय मिळालं? त्याच्या प्रश्नाला देवाचं उत्तर आलं नाही.

सुमारे सहाशे वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर जमावाने परतणाऱ्या लोकांवर हल्ले केले आणि तळं “शुद्ध” करण्यासाठी त्यात पंचगव्य ओतलं गेलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ उजाडलं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

प्रार्थनेच्या दृष्टीने यात फार मोठा बदल आहे. महाड-पोलादपूरमधल्या बौद्ध वाड्यांत कुणी गेलं की त्रिशरण, पंचशील, वंदना, परित्राण पाठ होतो. त्यात “वाचव” असं कुणाला म्हटलेलं नाही, कारण वाचवणारा देवच या मांडणीत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि मार्गही आहे, याची उजळणी आहे. किसा गौतमीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मेलेलं बाळ घेऊन ती बुद्धाकडे येते. बुद्ध तिला मोहरी आणायला सांगतात, पण ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातली. ती दारोदार फिरते आणि रिकाम्या हाताने परत येते. “देव कुठे होता?” हा प्रश्न इथे पडतच नाही. “आता काय?” हा पडतो.

मध्ये आणखी एक मराठी वाट आहे, पंडिता रमाबाईंची. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब पुराणं सांगत, तीर्थं करत, उपास-तापास करत देशभर फिरलं. आई, वडील आणि बहीण गेले. एवढं करून देव पावला नाही, या अनुभवातून त्यांची जुनी श्रद्धा सुटत गेली आणि पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. म्हणजे शंका आल्यावर तुकाराम भांडत थांबले, रमाबाईंनी देव बदलला, बाबासाहेबांनी देवाशिवायची वाट धरली. आगरकरांसारख्यांनी तर देवाचा विषयच बाजूला ठेवला. यातल्या कुणालाही आपण दुबळं म्हणत नाही. मग आपल्या घरातल्या माणसाने “आता माझा विश्वास उरला नाही” म्हटलं की आपण एवढे का घाबरतो?

तारिक गार्डन आणि “चमत्कार”

तारिक गार्डनच्या ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जवळपास १९ तासांनी जिवंत निघाला. टाळ्या वाजल्या, चॅनेलवर “देव तारी त्याला कोण मारी” सुरू झालं. आनंद खरा होता. पण त्याच ढिगाऱ्यात १६ जण गेले होते आणि त्यांचे नातेवाईक तिथेच उभे होते. तो वाचला हा देवाचा हात, तर आमच्या माणसाच्या वेळी हात कुठे होता? “चमत्कार” हा शब्द बातमीत वापरताना आम्ही पत्रकार हा प्रश्न फार कमी वेळा मनात आणतो. इमारत बांधून दहा वर्षंही झाली नव्हती, गुन्हा दाखल झाला होता, हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जातं.

सावित्रीच्या काठाला कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. इस्लाममध्ये मृत्यूची बातमी कळताच “आपण अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जाणार” या अर्थाची ओळ अरबीत म्हणतात आणि सब्र ठेवायला सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे तक्रारीला जागाच नाही. तसं नाही. कुराणात याकूब पैगंबरांची कथा आहे. मुलगा युसुफ हरवतो, बाप वर्षानुवर्षं रडून रडून आंधळा होतो आणि लोकांनी टोकलं तर सांगतो की मी माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतोय. म्हणजे सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे. माणूस हरवलाय, देह नाही, खात्री नाही अशा बापाची ही गोष्ट आहे, आणि तिथूनच पुढचा मुद्दा येतो.

देहच सापडला नाही तर?

या भागातल्या आपत्तींमध्ये हे पुन्हा पुन्हा घडलंय. सावित्रीत वाहून गेलेल्या बस शोधायला क्रेनला लोहचुंबक लावलं होतं, तरी कित्येक दिवस गेले. तळियेत शोध थांबवायचा निर्णय झाला तेव्हा काही घरांतली माणसं चिखलातच राहिली.

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकापासून अशा दुःखावर काम करतायत. त्या म्हणतात, गेलाय की आहे हे नक्की कळत नाही तेव्हा शोक सुरूच होत नाही, तो गोठतो. देवाकडे काय मागायचं तेही कळत नाही. परत आण म्हणायचं की शांती दे म्हणायचं? दुसरं म्हटलं तर आपणच त्याला मारलं असं वाटतं.

जुन्या लोकांना हे माहीत असावं. हिंदू धर्मशास्त्रात पालाशविधी आहे. देह मिळाला नाही तर दर्भ आणि पळस वापरून प्रतीकात्मक देह करायचा आणि त्यावर अंत्यसंस्कार करायचे. कोकणी मुस्लिम बहुसंख्येने शाफई पंथाचे, आणि त्या पंथात देह समोर नसतानाही जनाजाची नमाज पढता येते. बौद्ध पद्धतीत पुण्यानुमोदनाला देह लागतच नाही. तिन्हीकडे “आता निरोप द्यायचा” हा निर्णय एकट्या आईवर किंवा बायकोवर टाकलेला नाही. विधी सांगतो, समाज सोबत येतो.

इथे एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी, कारण ती फार अडते. कायद्याने साधारणपणे ७ वर्षं कुणाचा काहीच ठावठिकाणा लागला नाही तर मृत्यू गृहीत धरतात. मोठ्या आपत्तीत सरकार एवढं थांबत नाही, चौकशी करून बेपत्ता माणसाला मृत घोषित करतं, म्हणजे वारसांना मदत, विमा, पेन्शन मिळू शकते. तळियेत तेच झालं. त्या कागदावर सही करणं म्हणजे आशा सोडणं असं अनेक घरांना वाटतं आणि कागद पडून राहतो. सही आणि प्रार्थना दोन्ही एकत्र चालू शकतात, हे नात्यातल्या कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं.

हा देवाचा कोप होता का?

दुःखात सगळ्यात जास्त जखम करणारा प्रश्न हाच. आणि त्यावर एक जुना, मोठा वाद आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला. गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू चांगला होता. पण रवींद्रनाथ टागोर अस्वस्थ झाले. त्यांनी लिहिलं की नैसर्गिक आपत्तीला नैसर्गिकच कारणं असतात, तिला पापाशी जोडणं बुद्धीला धरून नाही आणि याने लोकांतली अंधश्रद्धाच वाढेल. गांधीजींनी ते पत्र स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि आपलं मत मात्र बदललं नाही.

मला इथे टागोरांचंच पटतं. शिक्षाच म्हणायची तर ती कुणाला झाली ते बघा. ज्यांनी तळं बाटलं म्हणून लोकांना मारलं त्यांना दरडीने शोधून काढलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची घरं होती त्यांना तिने गाठलं.

दरडीचं कारण समजायला सोपं आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सह्याद्रीच्या या तीव्र उतारांवर खाली कातळ आणि वर मातीचा, झिजलेल्या दगडाचा थर असतो. थरात पाणी मुरत गेलं की त्याचं वजन वाढतं, पकड सुटते आणि सगळा थर खाली येतो. धोक्याच्या गावांची यादी, इशारा, वेळेत स्थलांतर, पक्की घरं हा त्यावरचा उपाय. तळियेतून वाचलेल्यांना तात्पुरत्या कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, पुनर्वसन रेंगाळलं. “देवाची करणी” म्हटलं की हे प्रश्न विचारायचे राहून जातात. देवाला गाऱ्हाणं घालावं, तहसीलदारालाही घालावं.

प्रार्थनेने फरक पडतो का? विज्ञान काय म्हणतं?

२००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचे निकाल आले. बायपास झालेले १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं. काहींसाठी अनोळखी लोक प्रार्थना करत होते, काहींसाठी नाही. गुंतागुंत होण्याचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. उलट “तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय” असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं. का, ते ठरलं नाही. योगायोग असेल किंवा “माझी अवस्था एवढी वाईट आहे का” असा ताण असेल.

पण प्रार्थना करणाऱ्याच्या स्वतःच्या मनाचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाचं काम इथे उपयोगी पडतं. २००१ मध्ये त्यांच्या गटाने ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलंय किंवा शिक्षा केलीये असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. म्हणजे शंका वाईट का? पुढच्या अभ्यासात मोलाचा बारकावा निघाला. ज्यांचा झगडा काही काळाने निवळला त्यांची स्थिती वेगळी होती. त्रास जास्त झाला तो वर्षानुवर्षं त्याच खड्ड्यात अडकून राहिलेल्यांना. आणि माणूस अडकतो कधी? बोलता येत नाही तेव्हा.

मग म्हणायचं तरी काय?

ज्याला प्रार्थना करायचीये पण शब्द येत नाहीत, त्याने जुने शब्द उसने घ्यावेत. करुणाष्टकं, गाथेतले भांडणाचे अभंग, हरिपाठ, दुआ, वंदना, जे घरात आहे ते. दुसऱ्याने म्हणावं, आपण नुसतं ऐकावं. राग आला असेल तर रागच सांगावा. आणि देवापुढे बसावंसंच वाटत नसेल तर काही दिवस बसू नये. सुतकात घरातली पूजा थांबवायची रीत आपल्याकडे आहेच.

भेटायला जाणाऱ्यांसाठी: “देवाची इच्छा”, “चांगली माणसं देवाला आवडतात”, “गेल्या जन्माचं काहीतरी असेल” ही तीन वाक्यं घरीच ठेवून जा. पिठलं-भात घेऊन जा. पूर्वी सुतकात शेजारघरांतून डबा यायचा, त्याला कारण होतं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. तो “देव नाहीच” म्हणाला तर तिथे त्याला पटवायला बसू नका.

आणि झोप पूर्ण उडाली, जेवण सुटलं, “मीच का वाचलो” किंवा “मला पण जायचंय” असं माणूस वारंवार बोलायला लागला, तर भगताकडे नेण्यात आठवडे घालवू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास होतोय त्याच्या वतीने घरच्यांनी फोन केला तरी चालतो.